राज्याने हात आखडता घेतला की शहराचे काय होते

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या घटनेनुसार राज्य सरकारला तुटीचा अर्थसंकल्प मांडता येत नाही. त्यामुळे मंदी आली आणि उत्पन्न घटले की कुठे तरी कात्री लावावीच लागते, आणि ती बहुधा शहरांना मिळणाऱ्या वाट्याला लागते. या वाट्याचे दोन भाग आहेत. विक्रीकरातला एक हिस्सा लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचे बंधन घटनेनेच घातले आहे, तर दुसरा हिस्सा विधिमंडळ ठरवेल तेवढाच मिळतो. २००१ नंतरच्या वर्षांत हा दुसरा हिस्सा सातत्याने कमी होत गेला.

मग शहराने स्वतःचा कर वाढवावा, असे आपल्याला सहज वाटेल. पण इथे तीही वाट अरुंद आहे. १९७८च्या घटनादुरुस्तीमुळे नवा स्थानिक कर मतदारांच्या संमतीशिवाय लावता येत नाही, आणि १९९५ पासून घराचे करपात्र मूल्य, ते घर विकले जाईपर्यंत, वर्षाला महागाईच्या दराने किंवा पाच टक्क्यांनी, यांपैकी जे कमी असेल तेवढेच वाढते. २००८च्या सुमारास घरांच्या किमती कोसळल्या तेव्हा मूल्य झरझर उतरले; वर चढताना मात्र ही मर्यादा आड आली. मिशिगनमधल्या आमच्या शहराच्या वाचनालयाच्या दारावर 'रविवारी बंद' अशी पाटी लागली तेव्हा तिच्यामागे हे सगळे होते. बर्फ पडल्यावर मोठे रस्ते आधी मोकळे होतात आणि आमच्या गल्लीत राहणारे वृद्ध शेजारी दोन दोन दिवस घरात अडकून पडतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

याच राज्यातल्या फ्लिंट शहराची गोष्ट याहून कितीतरी भयंकर आहे. आर्थिक डबघाईला आलेल्या त्या शहरावर राज्याने प्रशासक नेमला आणि खर्च वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉईटचे पाणी बंद करून नदीचे पाणी सुरू झाले. त्यावर गंजरोधक प्रक्रिया न केल्यामुळे जुन्या नळांतले शिसे मुलांच्या पोटात गेले. लोक तक्रारी करत राहिले, पण निर्णयाचा अधिकार त्यांनी निवडून दिलेल्या माणसांच्या हाती उरलेला नव्हता.

मुंबईतल्या वाचकांना हे दूरचे वाटू नये. माझे काका मुलुंडच्या जकात नाक्यावर नोकरीला होते. ट्रकांच्या रांगा, पावत्या, रात्रपाळी हे सारे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात गेली आणि महापालिकेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्वतःचा झरा आटला. त्याबदल्यात राज्य सरकार भरपाई देते आणि ती दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढवण्याची तरतूद कायद्यात आहे. ही तरतूद भक्कम आहे हे मान्य. तरीही जो पैसा नाक्यावर रोज जमा होत असे, तो आता मंत्रालयातून हप्त्याने येतो. त्यात २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर कारभार जवळजवळ चार वर्षे प्रशासकाकडे राहिला.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: दर फेब्रुवारीत महापालिकेचा अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हा जकातीपोटी मिळणाऱ्या भरपाईचा आकडा आवर्जून शोधा, एकूण महसुली उत्पन्नात त्याचा वाटा किती आहे ते पाहा, आणि हा हप्ता थकला तर आपल्या प्रभागातले कोणते काम आधी थांबेल, हे आपल्या नगरसेवकाला विचारा.