तुम्ही विचारलंत म्हणून : अलेक्झांड्रियात आता उरलंय काय?

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाला होतो. कोल्हापूरला परत येऊन बरेच दिवस झाले, पण लग्नात, भिशीत, कुठंही विषय निघाला की प्रश्न ठरलेला. "तीन वर्षं राहिलात खऱ्या, पण तिथं बघायला उरलंय काय? दीपस्तंभ पडला, ग्रंथालय जळालं, अलेक्झांडरची कबर तर सापडतच नाही म्हणे." परवा माझ्या भाचीनं तिकीट काढायच्या आधी फोन करून हेच विचारलं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

दीपस्तंभ पडला हे खरंच आहे. चौदाव्या शतकातल्या भूकंपांनी त्याची वाट लावली आणि त्याच जागी १४७७ साली सुलतान कायतबेनं किल्ला बांधायला घेतला. नवं ग्रंथालय २००२ साली उघडलं. कैरोहून सकाळी येणाऱ्या बस हा किल्ला, ते ग्रंथालय आणि तांबड्या ग्रॅनाइटचा एक उंच खांब दाखवतात आणि संध्याकाळी परततात. एवढंच पाहिलेल्या माणसाला शहर रिकामं वाटणारच. जुनी अलेक्झांड्रिया जी काही शिल्लक आहे ती बहुतेक सगळी पायाखाली आहे, आणि वर लाखो लोकांचे संसार चालू आहेत. ती बघायची तर जिने उतरायची तयारी हवी.

सुरुवात कोम-अल-दिक्कापासून करावी. रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येतं. 'कोम' म्हणजे टेकाड, ढिगारा. १९६० साली पोलंडच्या पुरातत्त्वज्ञांनी हे टेकाड खणायला घेतलं आणि आतून संगमरवरी पायऱ्यांचं रोमन काळातलं छोटं नाट्यगृह निघालं. लोक तिथं फोटो काढतात आणि निघतात. कृपा करून निघू नका. बाजूला ओळीनं वीसेक खोल्या आहेत, छप्पर नसलेल्या. भिंतींना लागून नालेच्या आकाराचे दगडी बाक, एकावर एक दोन-तीन ओळी, आणि मधोमध, सगळ्यांच्या समोर येईल असं एक उंच आसन. हे वर्ग आहेत. पाचव्या ते सातव्या शतकात मुलं इथं बसून शिकत होती. उंच आसन गुरुजींचं.

माझं मन त्या बाकांवर जडलं. हिवाळ्यातल्या उन्हात दगड छान तापलेला असे. मी तळहात टेकवून बसायचे. ग्रंथालय जळालं आणि तिथली विद्या संपली, अशी आपली समजूत असते. मोठं ग्रंथालय तर कधीच गेलं होतं, आणि सेरापिस देवाच्या मंदिराचाही ३९१ साली विध्वंस झाला. तो बसवाल्यांचा खांब याच मंदिराच्या आवारात आहे. आणि तरीही त्यानंतर शे-दोनशे वर्षांनी या शहरात एकाला लागून एक वीस वर्ग भरत होते. पुस्तकं गेली तरी शिकवणारे आणि शिकणारे होतेच. हे तिथं बसल्यावर जितकं पटतं तितकं वाचून पटत नाही.

त्याच आवारात पक्ष्यांचा वाडा आहे. जमिनीवर रंगीत दगडांच्या तुकड्यांत मोर, पोपट, कबुतरं जडवलेली. पोपट बघून माझी आई म्हणाली होती, "हा आपल्याकडचाच गं."

दुसरी जागा कोम-अल-शुकाफा. म्हणजे खापरांचं टेकाड. १९०० साली इथं एक गाढव जमीन खचून खाली कोसळलं, तेव्हा ही दफनाची भुयारं कळली. गोल जिना उतरत जायचं. मधल्या विहिरीसारख्या पोकळीतून मृतदेह दोरांनी खाली सोडत. खडकात कोरलेले तीन मजले आहेत. दारावर जो कुत्र्याच्या तोंडाचा अनुबिस आहे तो देव इजिप्तचा, पण त्याच्या अंगावर पोशाख रोमन शिपायाचा. एवढ्या एका मूर्तीत ते शहर कळतं.

पण मी थांबले ती जेवणाच्या दालनात. तीन बाजूंनी खडकातच कोरलेले बैठकीचे ओटे. घरातली माणसं वर्षाकाठी येऊन इथं, गेलेल्यांच्या सोबतीनं जेवत. आणलेली मातीची भांडी परत घरी न्यायची नाहीत, तिथंच फोडायची. त्याच खापरांवरून टेकाडाला नाव पडलं म्हणतात. आमच्याकडे पितृपंधरवड्यात वडिलांचं पान वाढतात. त्या ओट्यासमोर मला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

तिसरं, पाणी. शहराला नदी नाही. नाईलचं पाणी कालव्यातून यायचं आणि पुराच्या दिवसांत घराघरांखालच्या टाक्यांत भरून ठेवायचं. अशा शेकडो टाक्या होत्या. शल्लालात बागेत अल-नबीह नावाची टाकी आहे, तीन मजली. खांबांवर खांब, त्यांच्यावर पुन्हा कमानी. हे खांब जुन्या इमारतींचे काढून आणलेले, त्यामुळे एकाचा माथा दुसऱ्यासारखा नाही. पाणी साठवायची जागा, पण देवळात आल्यासारखं वाटतं.

वर आलात की नबी दानियाल रस्त्यानं चाला. जुनी पुस्तकं विकणारे पदपथावर बसलेले असतात, आणि याच रस्त्यावर १८५० सालचं एलियाहू हनावी सिनगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. पुढं अत्तारीनच्या बोळांत जुन्या सामानाची दुकानं, निघून गेलेल्या ग्रीक, इटालियन घरांतली कपाटं आणि घड्याळं. शहरातले जुने बंगले एकेक करून पडतायत, याचं मला फार वाईट वाटतं. जायचं तर लवकर जा, ते यासाठीच.

भूक लागली की शहराच्या बहरी भागात जा. मासळी स्वतः निवडायची, किलोवर तोलून घ्यायची, तिथंच भाजून मिळते. 'गंदोफली' मागा. त्या आपल्या तिसऱ्याच.

मला स्वतःला तिथं परकं का वाटलं नाही, हे उशिरा उमगलं. भूमध्य समुद्राकडचा माल हिंदुस्थानकडे यायचा तो मुख्यतः याच बंदरातून. नाईलमधून वर, मग उंटांवरून तांबड्या समुद्राकडे, मग मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-पुस्तिकेत सोपारा आणि कल्याण नावानिशी आहेत. आणि आमच्या कोल्हापुरात, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पॉसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली. ग्रीकांचा समुद्राचा देव, आणि समुद्र घाटाखाली दूर. शाळेच्या सहलीत आम्ही ती टाऊन हॉल संग्रहालयात बघितली होती, आणि तेव्हा मला तिचं काहीच वाटलं नव्हतं.

भाची नोव्हेंबरात निघतेय. तिला सांगितलंय, छत्री घे. आपल्याकडे मृगाचा, हत्तीचा पाऊस असतो तशी तिथल्या वादळांनाही नावं आहेत. नोव्हेंबरातल्याचं नाव 'मकनसा', म्हणजे केरसुणी. आणि जायच्या आधी एक दुपार मोकळी ठेव, आपल्याला टाऊन हॉलला जायचंय.