रवाळ तुपाचं श्रेय

दिवाळीनंतर जेवायला आलेलं कुणी ना कुणी वरणभातावर तूप घेताना हमखास विचारतं, “काकू, तुमचं तूप इतकं रवाळ कसं होते हो? आमचं तर तेलच राहून जाते.” बरीच वर्षं मी “मंद आचेवर कढवते” असं सांगून मोकळी व्हायची. ते अर्धंच खरं होतं. याच मंडळींना मे महिन्यात जेवायला बोलवा, माझंही तेलच असतं.

तुपातली सगळी चरबी एकदम गोठत नाही. थोडी आधी गोठते, तिचे कण होतात आणि उरलेली त्या कणांभोवती पातळच राहते. कण मोठे व्हायला सवड लागते. म्हणून तूप सावकाश निवायला हवं, २८-३० अंशांच्या आसपास, न हलवता. घाईनं फ्रिजमध्ये ठेवलं की ते मेणासारखं गुळगुळीत होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागपुरात महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात ती हवा फुकट मिळते. गाळलेलं तूप जाड बरणीत ओतते, वर पातळ फडकं टाकते आणि रात्रभर त्याच्याकडे बघत नाही. बस. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर आणि मध्यरात्रीही खोली तापलेली. तूप गोठणार कुठून? जानेवारीत उलट तऱ्हा, चमचा वाकेल इतकं घट्ट.

हवेचा खरा हिसका मात्र लोणी काढताना कळतो. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आठ दिवसांची साय विरजली आणि सकाळपर्यंत ओट्यावरच ठेवली. थंडीत चालतं तसं. उठून बघते तर आंबट वास घरभर. तरी मिक्सर लावला. भांडं गरम झालं, लोण्याचा गोळा काही येईना, नुसता तेलकट फेस. सासूबाईंनी न बोलता बर्फाचा ट्रे आणून उपडा केला. थोडं लोणी हाती लागलं, पण तुपाला तो आंबट वास राहिलाच. आता उन्हाळ्यात विरजण तीन-चार तासांत लागलं की ते फ्रिजमध्ये, आणि घुसळताना बर्फाचं पाणी. माठाचं पाणी पुरत नाही, करून पाहिलंय. थंडीत उलट कोमट पाणी घालावं लागतं, नाहीतर साय रवीलाच चिकटून बसते. लोणी मात्र बारा महिने तीन-चारदा धुवायचं, ताकाचा पांढरेपणा जाईपर्यंत.

कढवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जाड बुडाचा गंज घ्या आणि कान उघडे ठेवा. लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं. ते उडेपर्यंत तडतड चालते. आवाज बसला, बेरी, म्हणजे तळाशी बसणारा साका, बदामी झाली आणि वर दुसऱ्यांदा बारीक फेस आला की लगेच गॅस बंद. इथे मिनिटभर फोन घेतला तर बेरी काळी आणि तूप कडू. विड्याचं पान टाकावं का, हेही विचारतात. मी टाकते, वास आवडतो म्हणून. रवाळपणाशी त्याचा काही संबंध मला दिसला नाही.

आणि हो, “पांढरं कसं, भेसळ तर नाही?” असंही एकीनं विचारलं होतं. आमच्याकडे दूध म्हशीचं येतं. गाईच्या दुधात कॅरोटिन उतरतं, त्यानं तूप पिवळं होतं; म्हशीच्या दुधात ते जवळपास नसतंच. सायही म्हशीच्या दुधावर जाड येते, म्हणून घरच्या तुपाला मला तेच परवडतं.

पातळ तुपाचा मला कमीपणा वाटत नाही. पुरणपोळी आपण विदर्भातली माणसं वाटीभर तुपात बुडवूनच खातो, आणि थंडीत त्याच तुपाला आधी गरम करून पातळ करावं लागतं.

बेरीत साखर घालून गरम पोळीत गुंडाळली तर काय लागते, हे मात्र आजवर एकाही पाहुण्यानं विचारलेलं नाही. ती पाहुण्यांपर्यंत पोचतच नाही.