फ्रिजचं माहितीपत्रक आणि पोलिश हायफन

युरोपात विकल्या जाणाऱ्या उपकरणांची माहितीपत्रकं लावायची कामं आमच्या पुण्याच्या डीटीपी युनिटकडे येतात. त्या दिवशी आलं ते फ्रिजचं, पोलिशमधलं. संध्याकाळी फाइल छपाईला जायची होती. कॉलम अरुंद, शेजारी आकृत्या, आणि शब्द मालगाडीसारखे.

पहिलं प्रूफ काढलं आणि लक्षात आलं, मजकुराला भाषा इंग्रजी लागून आली आहे. म्हणजे सॉफ्टवेअर पोलिश शब्द इंग्रजीच्या नियमाने तोडत होतं. पोलिशमध्ये एस-झेड, सी-झेड, आर-झेड, सी-एच या जोड्यांचा सहसा एकच आवाज होतो आणि ओळ संपली तरी त्या फुटत नाहीत. ‘प्शेहोविवान्ये’ म्हणजे साठवण. लिहिताना १४ अक्षरं, तोडायचं प्शे-हो-वि-वा-न्ये असं. आमच्याकडे पी-आर वर राहिले होते आणि झेड खाली उतरला होता.

भाषा पोलिश केली, बरीच पानं सुधारली. उरलेल्या ठिकाणांबद्दल आमचा ज्युनिअर म्हणाला, “ताई, सोपं आहे. जोडी दिसली की तोडायचं नाही. सगळीकडे एकदम लावून टाकतो.”

क्लायंटच्या प्रूफरीडर बाई व्रोत्सवाफहून फोनवर होत्या. त्यांना विचारलं, तर त्या ठाम नाही म्हणाल्या. पाणी गोठतं, याला ‘झामार्झा’. तिथेही आर-झेडच, पण र वेगळा आणि झ वेगळा ऐकू येतो, म्हणून झा-मार-झा. ‘गोजिना’ म्हणजे तास. त्यात डी-झेडचा मिळून एकच आवाज, म्हणून गो-जि-ना. आणि शेवटच्या पानावर, जुन्या फ्रिजमधला माल परत वापरण्याच्या परिच्छेदात, ‘ओद्झिस्क’. इथे ‘ओद्’ हा उपसर्ग, तेव्हा डी वर, झेड खाली. डोळ्यांना जोडी तीच दिसते. निवाडा कानाने करायचा.

मग मी वही काढली. बाई शब्द सावकाश म्हणायच्या, मी देवनागरीत उतरवायची आणि फाइलमध्ये योग्य जागी डिस्क्रिशनरी हायफन, म्हणजे तिथे ओळ तुटली तरच दिसणारा हायफन, टाकायची. बर्फ वितळवण्याच्या शब्दात रोमन लिपीत सहा स्वराक्षरं दिसतात, पण त्यांतला पहिला ‘आय’ फक्त न मऊ करायला आलेला. वहीत ‘ओत्-श्रा-न्या-न्ये’ लिहिलं की चार तुकडे आपोआप समोर. शेवटच्या ‘आय’चंही तेच, त्यामुळे तोही मोजायचा नाही. जोडाक्षरांचा एवढा उपयोग मला एरवी कधी झाला नव्हता. सगळीकडे मात्र ही युक्ती चालत नाही. बहीण या अर्थाचा ‘शोस्त्रा’ शो-स्त्रा, शोस-त्रा, शोस्त-रा असा तिन्ही प्रकारे तोडलेला चालतो. इतकी कडक भाषा मध्येच इतकी उदार होते, याची मला गंमत वाटली.

ओळीच्या टोकाला एकटं राहिलेलं एकाक्षरी अव्ययही पोलिश मुद्रणात खपत नाही. ती सगळी पुढच्या शब्दाला न तुटणाऱ्या स्पेसने बांधली. कंटाळवाणं काम, पण डोकं लागत नाही.

शेवटी राहिला फ्रिजच: ‘ह्वोजार्को-झाम्राझार्का’. या जोडशब्दात हायफन मुळातच आहे. नेमकी तिथेच ओळ संपली, तर पोलिश रिवाजाप्रमाणे हायफन वरच्या ओळीच्या शेवटी येतो आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा येतो. तसा टाकला आणि फाइल पाठवली.

रात्री प्रेसवरून फोन. “मॅडम, एका पानावर हायफन दोनदा पडलाय. एक उडवू का?”

“हात लावू नका,” मी म्हणाले, “दोन्ही हवेत.”