नंदीबैलाची रोजनिशी

सोमवार, रात्री

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणारी प्लेलिस्ट आज संपली. ४२ व्हिडिओ, त्यातले बहुतेक दीडपट वेगाने. त्याच उत्साहात कोरी फाइल उघडली आणि रोजच्या कामांची यादी ठेवणारा छोटासा प्रोग्रॅम लिहायला बसले. दहा मिनिटं नुसता कर्सर लुकलुकत होता. फंक्शन (नाव देऊन ठेवलेला, हवा तेव्हा बोलावता येणारा कोडचा तुकडा) म्हणजे काय असं कुणी विचारलं असतं तर घडाघडा सांगितलं असतं, पण पहिली ओळ कुठली लिहायची तेच सुचेना.

बरं, व्हिडिओ बघताना मी काही हात बांधून बसले नव्हते. सर टाइप करत होते, त्यांच्यामागून मीही करत होते, आणि माझा प्रोग्रॅम चालतही होता. ते प्रोग्रॅमिंग नव्हतं, श्रुतलेखन होतं, हे आज कळलं. तेच काम पुन्हा पुन्हा करणारा लूप कुठे लावायचा, वेगळं फंक्शन कुठे काढायचं, हे सगळं सरांनी आधीच ठरवलेलं. मी फक्त शुद्धलेखन सांभाळलं.

बुधवार

रडतखडत प्रोग्रॅम झाला. त्यात एक फंक्शन आहे: त्याला काम सांगायचं, ते काम यादीत घालून यादी परत देतं. यादी दिलीच नाही तर रिकामी यादी धरायची, अशी सोय फंक्शनच्या कंसातच करून ठेवली. सोमवारची यादी बरोबर आली. लगेच मंगळवारसाठी तेच फंक्शन बोलावलं, तर मंगळवारच्या यादीत सोमवारची कामंही हजर!

हे कुठेतरी ऐकलं होतं. सरांनी ‘इथे जरा जपा’ म्हटलं होतं आणि मी नंदीबैलासारखी मान डोलावली होती, एवढं स्पष्ट आठवत होतं. पण कुठल्या व्हिडिओत? पट्टी मागेपुढे ओढण्यात पाऊण तास गेला. शेवटी पुस्तक काढलं, मागच्या सूचीत ‘डिफॉल्ट’ शोधलं आणि दोन मिनिटांत पान सापडलं. डिफॉल्ट किंमत, म्हणजे काही दिलंच नाही तर धरायची ती, फंक्शन बोलावताना दर वेळी नव्याने तयार होत नाही. फंक्शनची व्याख्या चालते तेव्हा एकदाच तयार होते. मी ‘एकदाच’च्या खाली रेघ मारली आणि ते वाक्य चार-पाच वेळा वाचलं. म्हणजे मी दर दिवसाला कोरी पाटी देतेय असं समजत होते, आणि प्रत्यक्षात पाटी एकच होती, पुसायला कोणी नव्हतं. उपाय अगदी साधा: डिफॉल्ट म्हणून ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, ठेवायचं आणि आत गेल्यावर, नन आलं असेल तर नवी यादी करायची.

सरांनीही हेच सांगितलं असणार. पण बोललेला ‘एकदाच’ क्षणात निघून जातो, आणि दीडपट वेगात तर त्याहून लवकर. व्हिडिओ थांबवायला आपलं काही समजलेलं नाही हे आधी समजावं लागतं. माझी अडचण नेमकी तीच होती, मला सगळं समजत होतं!

गुरुवार

पुस्तकाचं फार कौतुक नको. आज दुसरं एक जुनं पुस्तक उघडलं, त्यातला पहिलाच नमुना चालेना. त्यात प्रिंट या पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या आज्ञेनंतर कंस नव्हते. पायथॉन ३ आलं २००८ च्या डिसेंबरात, तेव्हापासून प्रिंटला कंस लागतात. पायथॉन २ ची देखभाल तर १ जानेवारी २०२० पासून बंदच आहे. पुस्तकाचं साल सुरुवातीच्या पानावर छापलेलं होतं. ते बघायची अक्कल नंतर आली.

शुक्रवार

आज एक व्हिडिओ मुद्दाम साध्या वेगाने बघितला. त्यात शिकवणाऱ्या बाईंचा प्रोग्रॅम मध्येच कोसळला आणि सुदैवाने त्यांनी तो भाग कापला नव्हता. पडद्यावर लाल अक्षरांची रांग. मी अशा वेळी पहिल्या ओळीपासून वाचते आणि तिसऱ्या ओळीला घाबरते. बाई थेट शेवटच्या ओळीवर गेल्या, काय चुकलं ते वाचलं, मग एकेक ओळ वर चढत स्वतःच्या फाइलचं नाव शोधलं. व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर राहिलं होतं. सगळं मिळून दोन मिनिटं.

हे मला कुठल्याच पुस्तकात दिसलं नव्हतं. पुस्तकातला कोड आंघोळ करून, भांग पाडून आलेला असतो. त्याआधी तो किती वेळा पडला, लेखकाने मध्येच कितीदा डोकं खाजवलं, ते पानावर येत नाही. माणूस अडतो कसा आणि अडल्यावर नजर कुठे नेतो, हे बघायला व्हिडिओच हवा, आणि तोही न कापलेला. चकचकीत व्हिडिओ या बाबतीत पुस्तकासारखेच.

रविवार

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगाबद्दल वाचलं. विद्यार्थ्यांना उतारा दिला; काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले.

हे वाचून बुधवारचा माझा तोरा उतरला. रेघा मारत पुस्तक वाचणं हेही मान डोलावणंच की. फक्त पेन हातात धरून.

म्हणून दुपारी पुस्तक मिटलं, व्हिडिओ बंद केला, बुधवारची फाइल नजरेआड ठेवली आणि तोच प्रोग्रॅम कोऱ्या फाइलीत पुन्हा लिहिला. ४० मिनिटं लागली, तीन एरर आले, तिन्ही खालून वर वाचले. कोलन कुठे येतो हे एकदाही शोधावं लागलं नाही. पुढची ओळ लिहायला घेतली तेव्हा लक्षात आलं, की फंक्शनच्या कंसात माझा हात पुन्हा रिकामी यादीच लिहून मोकळा झाला होता.