ॲडलेड ते गॅबा: २०२०-२१च्या दौऱ्याच्या वाटेने

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातली २०२०-२१ची बॉर्डर-गावसकर कसोटी मालिका ॲडलेड, मेलबर्न, सिडनी आणि ब्रिस्बेन या क्रमाने झाली. ती मैदानं बघायला जाणाऱ्याने प्रवासही याच क्रमाने करावा, असं माझं ठाम मत आहे. टीव्हीवर चारही मैदानं सारखीच हिरवी दिसतात. प्रत्यक्षात खेळपट्टी, ऊन, हवा प्रत्येक शहरात वेगळी, इतकंच काय, घड्याळसुद्धा सगळीकडे एक नाही. ३६ धावांत गारद झालेला भारताचा संघ महिन्याभरात २-१ने मालिका कसा जिंकतो, हे कोड्यात टाकत असेल तर आधी हा फरक बघावा.

घड्याळापासूनच सुरुवात करतो, कारण नवख्या माणसाची गडबड तिथेच होते. डिसेंबर-जानेवारीत ॲडलेड भारताच्या ५ तास पुढे असतं, मेलबर्न आणि सिडनी साडेपाच तास, ब्रिस्बेन मात्र साडेचार. क्वीन्सलँडमध्ये उन्हाळी वेळ पाळत नाहीत. त्यामुळे दीड तासाचं सिडनी–ब्रिस्बेन उड्डाण तिकिटावर अर्ध्या तासाचं दिसतं आणि परतीचं अडीच तासांचं. परतताना पुढचं विमान पकडायचं असेल तर हा तास आधीच हिशेबात धरा.

दुसरी गडबड विमानतळावर. खाण्याचं जे काही बरोबर असेल ते प्रवेशाच्या फॉर्मवर जाहीर करायचं. घरचं लोणचं, मेतकूट, चिवडा, दुधाची मिठाई, डिंकाचे लाडू, सगळं. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेली सापडली तर दंड. व्हिजिटर व्हिसा निघण्यापूर्वीच हातात हवा, विमानतळावर उतरून तो मिळत नाही.

ॲडलेड हे चौघांतलं सगळ्यात सोपं शहर. विमानतळ शहरापासून सहा-सात किलोमीटरवर, मध्यवर्ती भागात ट्राम फुकट, आणि रेल्वे स्टेशनच्या मागून टॉरेन्स नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की समोर ॲडलेड ओव्हल. सामना नसेल त्या दिवशी माहितगारांबरोबर मैदान आतून बघता येतं. १९११चा हाताने चालवायचा स्कोअरबोर्ड आणि त्यामागे सेंट पीटर्स कॅथेड्रल असं दृश्य पाहिलं की इथे पडझड झाली यावर विश्वास बसत नाही.

ती पडझड झाली १९ डिसेंबर २०२०ला. इथली खेळपट्टी बाहेर ट्रेमध्ये वाढवून मोसमाआधी मैदानात आणून बसवतात, कारण हिवाळ्यात याच मैदानावर फुटबॉल चालतो. दिवस-रात्र कसोटीसाठी तिच्यावर गवतही जरा जास्त ठेवतात, म्हणजे गुलाबी चेंडूचा रंग आणि लकाकी टिकते. हा चेंडू दिव्यांखाली जास्त हलतो असं सगळेच सांगतात. पण भारताचा दुसरा डाव कोसळला तो भर दुपारी, लख्ख उन्हात. पहिल्या डावातली ५३ धावांची आघाडी खिशात, आदल्या रात्रीचे १ बाद ९ फळ्यावर, आणि पाहता पाहता १५ धावांवर पाच जण बाद. कोणालाच दोन आकडी धावसंख्या गाठता आली नाही; मयंक अग्रवालच्या ९ धावा सर्वाधिक. हेझलवूडचे ८ धावांत ५ बळी, कमिन्सचे २१ धावांत ४. शमीच्या हातावर चेंडू बसला, त्याला जखमी होऊन मैदान सोडावं लागलं आणि डाव ३६वर संपला. १९७४च्या लॉर्ड्सवरच्या ४२ धावांचा नकोसा विक्रमही मोडला.

या डावाला बेजबाबदार फलंदाजी म्हणणं मला पटत नाही. टप्पा पुढे जावं की मागे हे ठरू न देणारा, चेंडू शिवणीवर पडून अगदी थोडा हलणारा, आणि बॅटची कड घेतलेला जवळजवळ प्रत्येक चेंडू झेलापर्यंत पोचलेला. फार बाहेर जाणारा चेंडू बॅटला हुकतो. थोडा हलणारा कड घेतो. साइटस्क्रीनच्या (गोलंदाजाच्या पाठीमागच्या मोठ्या पडद्याच्या) मागच्या बाकांवर बसून वेगवान गोलंदाजाचं एक षटक पाहिलं की हे पटतं. बाजूच्या स्टँडमधून नुसता वेग दिसतो, हालचाल दिसत नाही. चारही मैदानांवर तिकीट काढताना हे ध्यानात असू द्या.

पुढे मेलबर्न. रस्त्याने सव्वासातशे किलोमीटर, विमानाने साधारण सव्वा तास. एमसीजीला (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) जॉलिमाँट किंवा रिचमंड स्टेशनवरून चालत जायचं. शहरातली ट्राम मध्यवर्ती पट्ट्यात फुकट असली तरी मैदान त्या पट्ट्याबाहेर आहे, भाडं भरा. इथे सूर्य उत्तरेकडून येतो, त्यामुळे दक्षिणेचं शेन वॉर्न स्टँड उन्हाला तोंड करून बसलेलं असतं. उत्तरेची किंवा पश्चिमेची, छताखालची मागची रांग घ्या. टोपी आणि ५० एसपीएफचं क्रीम हवंच. हवा गार असली तरी कातडी भाजते, आणि मेलबर्नमध्ये हवा गार असतेच कधी ना कधी.

कोहली मायदेशी परतला होता. संगमनेर तालुक्यात जन्मलेल्या आणि डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेकडे कप्तानी आली आणि त्याने ११२ धावा केल्या. त्याबद्दल त्याला मिळालेलं पहिलंवहिलं मुलाग पदक जॉनी मुलागच्या नावाचं आहे. १८६८ साली इंग्लंडला गेलेल्या आदिवासी संघाचा तो आधारस्तंभ, आणि परदेश दौरा करणारा ऑस्ट्रेलियाचा पहिला संघ तोच. पण माझ्या मते सामना फिरला तो लेगच्या, म्हणजे फलंदाजाच्या पायांकडच्या बाजूच्या सापळ्यामुळे. ऑस्ट्रेलियाचा लाबुशेन सिराजला फ्लिक करताना बॅकवर्ड स्क्वेअर लेगला गिलच्या हाती गेला, स्मिथ अश्विनवर शून्यावर लेग गलीत पुजाराकडे, आणि दुसऱ्या डावात बुमराने त्याच्या लेग स्टंपवरची बेल पाडली. ऑफच्या बाहेर मोकळी धाव मिळेनाशी केली की हे दोघे चेंडू अंगाकडे ओढतात, एवढ्या निरीक्षणावर सगळा बेत उभा होता.

सिडनीबद्दल थोडक्यात. सर्क्युलर कीवरून रँडविककडे जाणारी लाइट रेल घेऊन मूर पार्कला उतरा. बँकेचं कार्ड टेकवलं की भाडं भरलं. १८८६चं मेंबर्स पॅव्हिलियन बाहेरून तरी पाहाच. पाचव्या दिवशी आधी पंतच्या ९७ आणि पुजाराच्या ७७ धावांनी ४०७चं लक्ष्य आवाक्यात वाटायला लागलं. दोघं गेले, आणि मांडीचा स्नायू दुखावलेला विहारी (१६१ चेंडूंत नाबाद २३) व पाठ धरलेला अश्विन (१२८ चेंडूंत नाबाद ३९) दिवसअखेरपर्यंत उभे राहिले. हा अनिर्णित सामना गुणतक्त्यात साधा दिसतो. जखमींची यादी मात्र तिथेच लांबली: जडेजाचा अंगठा निखळला, आणि ब्रिस्बेनला विहारी, अश्विन, बुमरा कोणीच नव्हते.

ब्रिस्बेनला विमानतळाची ट्रेन सोडली तर बस, ट्रेन, फेरी, काहीही घ्या, २०२४पासून भाडं ५० सेंट. साउथ बँकवरून गॅबा मैदानापर्यंत चालत साधारण अर्धा तास. पण दुपारची वादळं धरून चला, छत्रीपेक्षा हलका रेनकोट बरा. २०२१च्या सामन्यातही दुसऱ्या दिवशी चहानंतर खेळ झाला नाही. खुर्च्या मुद्दाम मिश्र रंगांच्या आहेत, रिकामं स्टँडही भरल्यासारखं दिसतं.

इथली खेळपट्टी मैदानातच तयार होते, ट्रेमधली नव्हे. चिकण माती उन्हाने तडकते आणि टणक राहून उसळी देते. पाचव्या दिवशी भेगांवर पडलेला चेंडू कधी छातीवर येतो, कधी घोट्यावर. पुजाराने २११ चेंडूंत ५६ धावा करताना अंगावर ११ वेळा चेंडू झेलले ते अशाच भेगा असलेल्या टोकाला: तिथे बॅट घातली असती तर झेल उडाला असता, म्हणून त्याने हात खाली ठेवून अंग दिलं. भारताच्या पाच गोलंदाजांच्या नावावर या सामन्याआधी मिळून ११ कसोटी बळी होते. समोरच्या चौकडीच्या नावावर हजाराच्या वर. पालघरच्या शार्दुल ठाकूरने ६ बाद १८६वरून वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावा जोडल्या. पहिली धाव षटकारानेच, अर्धशतकही षटकारानेच! त्या भागीदारीशिवाय शेवटच्या दिवशी लक्ष्य ३२८ न राहता साडेचारशेच्या घरात गेलं असतं, आणि मग गिलच्या ९१ आणि पंतच्या नाबाद ८९ धावा असूनही फार तर सामना अनिर्णित राहिला असता. विजय आला तेव्हा तीन षटकं शिल्लक होती.

१९८८नंतर ऑस्ट्रेलिया इथे हरला नव्हता. २०२४च्या जानेवारीत वेस्ट इंडीजने ८ धावांनी पुन्हा हरवलं. जाहीर झालेल्या आराखड्यानुसार २०३२च्या ऑलिंपिकसाठी व्हिक्टोरिया पार्कमध्ये नवं स्टेडियम होणार आहे आणि त्यानंतर गॅबा पाडणार आहेत. तेव्हा चारांपैकी एकच मैदान बघणं जमणार असेल, तर क्रमाबद्दल वर जे सांगितलं ते विसरा आणि थेट ब्रिस्बेनचं तिकीट काढा.