कर खात्यात ठेवलेली बचत

दर वर्षी जुलैत बाबा विवरणपत्र भरायला बसतात. फॉर्म 16, टीडीएसचे कागद, एफडीच्या व्याजाचे दाखले, सगळं एका फाइलीत ओळीनं लावलेलं. मग फोनवर हमखास विचारतात, "तुझ्याकडे कोण भरून देतं गं? सीए आहे का?"

बाबा, सीए लागतच नाही. स्टॉकहोममध्ये हे काम मी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये उभ्याउभ्या उरकते. स्काटेवेर्केट, म्हणजे इथला करविभाग, मार्चमध्ये विवरणपत्र भरूनच पाठवतो. पगार, कापलेला कर, घरकर्जावर भरलेलं व्याज, सगळे आकडे तिथे असतात, कारण कंपन्या आणि बँका ते थेट विभागाला कळवतात. मी आकडे ताडून बघते आणि मोबाइलवर 'बँकआयडी' या डिजिटल ओळखपत्रानं सही करते. काही बदल न करता मार्चअखेरपर्यंत मंजुरी दिली, की एप्रिलच्या सुरुवातीलाच परतावा जमा होतो. ही बँकआयडी सरकारनं काढलेली नाही. बँकांनी मिळून 2003 मध्ये ती सुरू केली. करविभागाच्या ज्या सेवेचं सगळे कौतुक करतात, तिच्या दाराची किल्ली बँकांनी घडवली आहे.

नवीन आले तेव्हा पहिली रांगही याच विभागाची लावली होती. लोकसंख्येची नोंद इथे 1991 पर्यंत चर्च ठेवायचं, आता करविभाग ठेवतो. त्यांच्याकडून व्यक्ती क्रमांक, म्हणजे प्रत्येकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, मिळाल्याशिवाय बँकेत साधं खातं उघडायलाही नाकी नऊ येतात. हातात नंबराची चिठ्ठी, पोटात गोळा, अशी मी बसले होते. खिडकीपलीकडच्या बाईंनी माझा चुकलेला रकाना स्वतः दुरुस्त केला, पुढे काय होईल ते सावकाश सांगितलं आणि "आणखी काही विचारायचंय?" म्हणून थांबल्या. ते थांबणं मी अजून विसरलेले नाही.

करविभागावरच्या अशा विश्वासाची खरी किंमत मला 2016 मध्ये कळली.

रिक्सबँक ही स्वीडनची मध्यवर्ती बँक, 1668 ची, जगातली सर्वांत जुनी. महागाई फारच कमी होती, म्हणून फेब्रुवारी 2015 मध्ये तिनं रेपो दर शून्याच्या खाली नेला, आणि वर्षभरात तो उणे 0.50 टक्क्यांवर आला. म्हणजे बँकांनी जादा पैसा रिक्सबँकेत ठेवला, तर व्याज मिळायचं सोडून उलट त्यांनाच पैसे मोजावे लागायचे. हा भार बँकांनी आमच्यासारख्या सामान्य ठेवीदारांवर टाकला नाही. तसं केलं तर लोक पैसे काढून घरात ठेवतील, ही धास्ती होती. पण बचतीवर व्याजही नाही. पासबुक असतं तर त्यात वर्षभर एकही नवी ओळ पडली नसती.

तेव्हा ऑफिसातल्या एका सहकारिणीनं डबा खाताना सांगितलं, "कर खात्यात ठेव ना." प्रत्येक करदात्याचं करविभागाकडे एक खातं असतं. त्यात जास्त भरलेल्या रकमेवर 0.5625 टक्के व्याज मिळत होतं, तेही करमुक्त! मी 50,000 क्रोनर भरले. वर्षाला 281 क्रोनर होतात, रक्कम मोठी नाही. पण हेच कंपन्यांनी आणि हजारो लोकांनी केलं. लोक आपणहून जास्त कर भरताहेत आणि सरकारला तो नको आहे, असं चित्र झालं. एवढा पैसा कधी परत मागितला जाईल, याचा सरकारी तिजोरीला अंदाजच लागेना. अखेर 1 जानेवारी 2017 पासून ते व्याज शून्य केलं गेलं.

यात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. लोकांनी कष्टाचा पैसा कर खात्यात ठेवला, तो मागितल्यावर परत मिळेल याची खात्री होती म्हणून. परतावा अडकेल, फेऱ्या माराव्या लागतील, असं वाटलं असतं तर एवढ्या व्याजासाठी कुणी तिकडे फिरकलंही नसतं.

बँकांचं काय झालं? ठेवींवरचा नफा आटला, तरी इथल्या बँका घरकर्जासाठी बराच पैसा रोख्यांतून उभा करतात, आणि तो स्वस्त झाला होता. त्यामुळे त्या तगल्या. खरी चांदी झाली ती पुढे, दर वाढल्यावर. उण्यातून शून्यावर आलेला रिक्सबँकेचा दर एप्रिल 2022 पर्यंत तिथेच होता, तो सप्टेंबर 2023 मध्ये 4 टक्क्यांवर गेला. इथे बहुतेकांचं कर्ज तीन-तीन महिन्यांच्या बदलत्या दराचं असतं, त्यामुळे झळ लगेच बसते. आमचं 20 लाख क्रोनरचं कर्ज. महिन्याचं व्याज 2,500 वरून 8,000 वर गेलं, मुद्दल वेगळं. रात्री दोघं टेबलाशी बसून किराण्याचा हिशेब पुन्हा मांडायचो. पगाराच्या खात्यावर मात्र बँक तेव्हाही काहीच व्याज देत नव्हती. हे मला आजही अन्यायाचं वाटतं: रिक्सबँकेनं दर वाढवला की कर्जाचा दर लगेच वर, आणि ठेवीचा दर जागचा हलत नाही. आपल्याकडेही ऑक्टोबर 2019 पासून नवी घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडली गेली, बचत खात्यांना तसा नियम नाही. बाबांशी यावर तासभर बोलले.

त्या हिवाळ्यात आधार दिला तो पुन्हा करविभागानं. घरकर्जाच्या व्याजाच्या 30 टक्के रक्कम करातून वजा होते, वर्षाला एक लाख क्रोनर व्याजापर्यंत. ती पुढच्या एप्रिलपर्यंत थांबून घ्यायची गरज नाही. अर्ज केला तर पगारातून दरमहा कापला जाणारा करच कमी होतो. मी अर्ज ऑनलाइन भरला. त्यानंतर महिन्याला सुमारे 2,400 क्रोनर जास्त हातात येऊ लागले. व्याज चढवणारी रिक्सबँक आणि त्यातला वाटा उचलणारा करविभाग, दोघांचा परिणाम माझ्या एकाच पगारपत्रकावर दिसत होता.

मग उरलेली बचत मी चांगलं व्याज देणाऱ्या दुसऱ्या बँकेत हलवली. पुढच्या मार्चमध्ये विवरणपत्र उघडलं, तर दोन्ही बँकांच्या ओळी आपापल्या जागी होत्या. एकीपुढे घसघशीत रक्कम, दुसरीपुढे शून्य. बाबांना स्क्रीनशॉट पाठवला.