लीड्सचं क्रिकेट, शिकागोचं बेसबॉल

पुण्यातल्या आयटी कंपनीत मला परदेशी ग्राहकांचं काम मिळालं. दुपारी लीड्सचा कॉल, संध्याकाळी शिकागोचा. माझं व्याकरण पक्कं होतं, पण शाळेत पाठ केलेल्या वाक्प्रचारांपैकी तिथे काही कानावर पडेना. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणणारा इंग्रज मला आजवर भेटलेला नाही.

मग जे ऐकू येईल ते वहीत टिपायला लागलो. नुसता अर्थ नाही, कोण कोणाला आणि कशावरून म्हणालं तेही. हळूहळू दिसायला लागलं, की लीड्सवाल्यांच्या बोलण्यात क्रिकेट आहे आणि शिकागोवाल्यांच्या बेसबॉल.

क्रिकेट तर आपल्या घरचंच. तरी एका जागी अडलो. बजेट कापलं गेल्याचं सांगताना तिकडची मॅनेजर म्हणाली, 'इट नॉक्ड अस फॉर सिक्स'. आपल्याकडे सिक्सर म्हणजे शिट्ट्या! इंग्रज मात्र हे मार खाणाऱ्या बोलरच्या बाजूने बोलतो: पार हादरलो. 'ऑफ हिज ओन बॅट' त्या मानाने सरळ. बाय, लेग बाय सोडून स्वतःच्या बॅटने काढलेल्या धावा, म्हणजे कोणी न सांगता आपणहून केलेलं काम.

बेसबॉलसाठी सामन्यांचे हायलाइट्स बघितले. पळणाऱ्याला प्रत्येक बेसला पाय लावावाच लागतो हे पाहिल्यावर 'लेट्स टच बेस' ऐकून कोणी मोठी मीटिंग मागतोय असं वाटेनासं झालं. दोन शब्द बोलून घेऊ, एवढंच. 'बॉलपार्क फिगर' मागितली की आमचा एक सहकारी एक्सेल उघडून पैशापर्यंत हिशेब करायचा. समोरच्याला हवा असायचा ढोबळ आकडा, तोही लगेच.

सगळ्यात चकवा दिला 'रेन चेक'ने. पावसाने सामना रद्द झाला, तर त्याच तिकिटाच्या तुकड्यावर दुसरा सामना बघू देण्याची पद्धत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात पडली. त्यामुळे 'आय विल टेक अ रेन चेक' म्हणजे आज नको, पुन्हा कधीतरी. शब्दकोशात इथपर्यंत सापडतं. पण हा नकार आहे की खरंच पुढची वेळ हवी आहे, ते कसं ओळखायचं? माझा ठोकताळा: पाठोपाठ समोरून वार किंवा तारीख आली तर खरं. नाही आली, तर तो आपल्याकडचा 'बघू'. मी पुन्हा विचारत नाही.

सध्या वहीत अमेरिकन फुटबॉल सुरू आहे. 'हेल मेरी पास', म्हणजे हरत असताना शेवटची आशा म्हणून केलेला प्रयत्न, हे कळलं. 'मंडे मॉर्निंग क्वार्टरबॅक', म्हणजे सगळं घडून गेल्यावर शहाणपण शिकवणारा, असं कोणाला तोंडावर म्हणायचं नाही हेही कळलं. त्या खेळाचे नियम मात्र अजून डोक्यावरून जातात.